विचारायचे कोणाला?

एखादी वस्तू ज्याच्यासाठी घडवायची त्याला आधी विचारून घ्यावे, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिचे स्वतंत्र शास्त्र व्हावे याचे सामान्य माणसाला नवलच वाटेल. पण असे शास्त्र झाले आहे आणि त्यावर उपजीविका करणारा एक सुशिक्षित वर्गही मुंबई-पुण्यात निर्माण झाला आहे. डिझाइनच्या व्यवसायात त्याला ‘यूझर रिसर्च’ म्हणतात. आपण त्याला वापरकर्त्यांची पाहणी म्हणू. पाण्याचा नळ असो, चूल असो, की शेतकऱ्याच्या मोबाइलवर उघडणारा एखादा सरकारी अर्ज असो. तो वापरणारा माणूस कसा राहतो, काय वाचू शकतो, कुठे अडतो, हे त्याच्या दारी जाऊन, त्याच्याशी बोलून आणि पुष्कळदा न बोलता नुसते पाहून समजून घ्यायचे, असे या पाहणीचे स्वरूप. काम वेळखाऊ, कष्टाचे आणि खर्चाचे.

या कामात आता एक नवा मदतनीस शिरला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांसमोर आले आणि त्यापाठोपाठ संभाषण करणारी तशीच इतर यंत्रे आली. प्रश्नावली तयार करणे, मुलाखतींचा सारांश काढणे, शंभर उत्तरांतून चार सूत्रे वेचणे, ही कामे डिझायनर मंडळी त्यांच्याकडून करून घेऊ लागली. इथपर्यंत आक्षेप घेण्यासारखे फारसे नाही. परंतु काहीजण एक पाऊल पुढे गेले आहेत. ‘तू शहापूर तालुक्यातील एका पाड्यावर राहणारी चाळीस वर्षांची स्त्री आहेस असे समज आणि माझ्या प्रश्नांची उत्तरे दे’, असा हुकूम सोडला की काही क्षणांत ती ‘स्त्री’ सफाईदार मराठीत बोलू लागते. तिला वेळ मागावी लागत नाही, तिच्या घरी जाण्यासाठी गाडी करावी लागत नाही, आणि ती कधीही कंटाळत नाही. परदेशांत असे कृत्रिम वापरकर्ते पुरवणाऱ्या कंपन्याही निघाल्या आहेत. तेव्हा प्रश्न असा की, यापुढे विचारायचे कोणाला? पाड्यावरच्या बाईला, की तिचे सोंग घेणाऱ्या यंत्राला?

शहापूर आणि मुरबाड यांचे उदाहरण सहज सुचलेले नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्याचा जो ग्रामीण भाग उरला त्याचा मोठा हिस्सा या दोन तालुक्यांत आहे. २०११ च्या जनगणनेत दोहोंची मिळून लोकसंख्या सुमारे ५ लाख होती. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांचे पाडे, आगरी-कुणब्यांची गावे, मुरबाडची औद्योगिक वसाहत आणि शहापूरच्या अंगावरून जाणारा समृद्धी महामार्ग असे हे संमिश्र चित्र आहे. मुंबईपासून हा मुलूख शंभर किलोमीटरच्या आत येतो. आसनगावपर्यंत तर लोकलच जाते. तरीही डिझाइनच्या कचेरीतून तिथे जाण्याचा कंटाळा केला जातो. ज्या गावी लोकलने जाता येते तिथलीही विचारपूस जर यंत्राकडून उरकली जाणार असेल, तर गडचिरोली आणि नंदुरबार यांचे काय होईल याची कल्पना करता येते.

लोट्याचा धडा

आपल्याकडे या विचाराला परंपरा नाही असे नाही. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून एक अहवाल सादर केला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली ती त्यातून. या अहवालात त्यांनी आपल्या घरोघरच्या लोट्याची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. ती करताना त्यांनी प्रश्नांची एक मोठी यादीच दिली: तो डोक्यावर कसा राहतो, कमरेवर कसा बसतो, भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, हाताला तो कसा लागतो, त्याची किंमत किती. लोटा कोणा एका डिझायनरने घडवलेला नाही; पिढ्यान्पिढ्यांच्या हातांनी या प्रश्नांची उत्तरे देत देत त्याला आकार दिला. चांगल्या वस्तूमागे विचारपूस असते, मग ती एका वर्षाची असो की हजार वर्षांची, हा त्यातला धडा. १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र निघाले. त्याच संस्थेत १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र चालते आणि तिथल्या विद्यार्थ्यांना काही आठवडे खेड्यात मुक्काम करावा लागतो. अभ्यासक्रमात हा मुक्काम ठेवणाऱ्यांना त्याचे मोल माहीत होते.

विचारपूस न करता पुढे गेल्यास काय होते, याचीही उदाहरणे आहेत. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ पर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या आणि नंतर तो कार्यक्रम गुंडाळण्यात आला. उद्दिष्ट उत्तम होते. स्वयंपाकघरातील धुराने स्त्रियांची फुप्फुसे जळतात हे खरेच होते. पण चुलीचे तोंड कोणत्या लाकडाच्या मापाचे, भाकरी तव्यावरून उतरवून विस्तवासमोर शेकायची तर जागा कुठे, धुराडे साफ कोण करणार, चुलीवरच्या माळ्यावर धुरात सुकणारे आणि किडीपासून वाचणारे बियाणे आता कुठे टांगायचे, हे प्रश्न जिला विचारायचे तिला पुष्कळ ठिकाणी विचारलेच गेले नाहीत. सरकारी नोंदीत चुली वाढत गेल्या आणि त्यातल्या पुष्कळशा घरातल्या कोपऱ्यात थंड पडून राहिल्या.

अलीकडचे आणि घरचेच उदाहरण मुरबाड तालुक्यातील धसईचे. १ डिसेंबर २०१६ रोजी, नोटाबंदीला तीन आठवडे उलटले असताना, धसई हे राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. दुकानदारांना कार्ड वाचणारी यंत्रे मिळाली आणि देशभरच्या वृत्तपत्रांत धसईचे नाव झळकले. पुढे मात्र व्यवहार बव्हंशी पुन्हा रोखीवर आल्याच्या बातम्या त्याच वृत्तपत्रांना छापाव्या लागल्या. यात गावकऱ्यांच्या मागासलेपणाचा काही संबंध नव्हता. धसई ही आसपासच्या वाड्यापाड्यांची बाजारपेठ आहे. तिथला व्यवहार एका गावाचा नसून पंचक्रोशीचा असतो. दुकानदाराकडे यंत्र असले तरी डोंगरावरून बाजाराला उतरलेल्या माणसाच्या कनवटीला कार्ड असतेच असे नाही. पुढे मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत देशभर रुजली, कारण तिला दुकानात केवळ एक छापील चौकटीचा कागद पुरतो. ग्राहक कोण, कुठून येतो, खिशात काय घेऊन येतो, एवढे चार बाजारांच्या दिवशी पाहिले असते, तरी हा फरक आधीच उमगला असता.

कागदावरचे शहापूर

या पार्श्वभूमीवर यंत्राचा दावा तपासला पाहिजे. आणि तो न्यायबुद्धीने तपासला पाहिजे, कारण यंत्र निरुपयोगी आहे असे म्हणणे सोपे असले तरी खरे नाही. २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १,०५२ अमेरिकन नागरिकांच्या प्रत्येकी सुमारे दोन तासांच्या मुलाखती जमवल्या, त्या यंत्राला पुरवल्या आणि मग त्या त्या व्यक्तीच्या वतीने यंत्राला उत्तरे द्यायला लावली. कोणताही माणूस दोन आठवड्यांनंतर स्वतःच्याच उत्तरांशी पूर्णपणे जुळत नाही. ज्या प्रमाणात तो जुळतो, त्याच्या ८५ टक्के जुळणी एका सामाजिक प्रश्नावलीत यंत्राने साधली. आकडा प्रभावी आहे. परंतु तो उद्धृत करणारे एक गोष्ट विसरतात. या यंत्राला बोलते करण्यापूर्वी १,०५२ जिवंत माणसे प्रत्येकी दोन तास बोलली होती. मुलाखत घेणाराही तिथे यंत्रच होता, हे खरे. पण उत्तर देणारे मात्र हाडामांसाचे होते. विचारपूस तिथे टळली नव्हती. ती उलट अधिक कसून झाली होती.

अशी विचारपूस न करता केवळ ‘शहापूरची स्त्री’ एवढेच सांगून सोडल्यास यंत्र काय करते? ते आपल्या पोटातील अफाट मजकुरातून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब करते. म्हणजे शहापूरविषयी जे लिहिले गेले आहे तेच ते परत देते. आणि शहापूरविषयी काय लिहिले गेले आहे? दर एप्रिल-मे महिन्यात वृत्तपत्रांत एक छायाचित्र येते: डोक्यावर हंडे घेतलेल्या बायांची रांग, आणि खाली मजकूर, की मुंबईची तहान भागवणारा तालुका स्वतः तहानलेला. हे वास्तव आहे आणि ते लाजिरवाणे आहे. १८९२ मध्ये पुरे झालेले तानसा याच तालुक्यात आहे. मुंबईला सुमारे निम्मे पाणी देणारे भातसा धरणही इथलेच. आणि त्यांच्या आसपासचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पण वर्षानुवर्षे तेच चित्र छापून आम्ही वृत्तपत्रवाल्यांनीच एक साचा घडवला आहे. यंत्राची शहापूरकर स्त्री त्या साच्यातून बाहेर पडते. तिच्या डोक्यावर हंडा असतोच. आसनगावच्या कारखान्यात पाळी करणारी, बचतगटाचा हिशेब ठेवणारी, भेंडी तोडून पहाटेच्या गाडीला माल देणारी, किंवा ग्रामपंचायतीत निवडून येऊन टँकरच्या फेऱ्या मोजणारी स्त्रीही त्याच तालुक्यात राहते. तिच्यावर लेख येत नाहीत, म्हणून यंत्राच्या जगात ती जवळजवळ नाहीच.

यालाच २०२५ मध्ये ‘नेचर मशीन इंटेलिजन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दुजोरा दिला. माणसांच्या जागी ही यंत्रे बसवली असता ती एखाद्या समाजगटाचे बोलणे त्या गटाच्या तोंडून यावे तसे देत नाहीत. बाहेरच्यांना तो गट जसा वाटतो तसे देतात, आणि गटातील आपापसांतले वैविध्य सपाट करून टाकतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. हा अभ्यास अमेरिकेतील गटांवर झाला, ज्यांच्याविषयी आणि ज्यांच्याकडून पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या कातकऱ्यांच्या बोलीत लिहिण्याचीच परंपरा नाही त्यांचे काय होत असेल?

इथे खरा धोका नीट समजून घेतला पाहिजे. यंत्राचे उत्तर साफ चुकले असते तर ते कोणीही बाजूला ठेवले असते. ते सर्वसाधारणपणे बरोबर असते. कातकरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, हे ते सांगेल. घरातील मोबाइल बहुधा पुरुषाच्या हाती असतो, हेही सांगेल. पण अमुक पाड्यातील निम्मी घरे कोणत्या भट्टीवर गेली आहेत, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांपैकी अक्षरे कोणाला येतात, दोन विहिरींपैकी एकीवर कोण जात नाही आणि का, नळाची तोटी बसवली ती जागा कोणाच्या अंगणात आहे, हे ते सांगू शकत नाही; कारण ते कुठेच लिहिलेले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये घोषित झालेल्या जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे माप ठरवले. माप दिल्लीत ठरवता येते. तोटीची जागा पाड्यातच ठरवावी लागते. सर्वसाधारण सत्य हातात आले की माणूस विशिष्ट सत्याचा शोध थांबवतो. यंत्राच्या सफाईदार उत्तराने होणारी हानी ती हीच.

मौनाचे काय?

दुसरी गोष्ट मौनाची. ज्यांनी आदिवासी भागात थोडेफार काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की तिथे पहिल्या भेटीतील उत्तर हे बहुधा उत्तर नसते. पाहुणा साहेब दिसतो, हातात कागद असतो. त्याला बरे वाटेल ते सांगून मोकळे व्हावे, किंवा काहीच बोलू नये, असा शहाणपणा पिढ्यांच्या अनुभवाने शिकवला आहे. या शहाणपणामागे इतिहास आहे. १९३९ मध्ये सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीवर सरकारला अहवाल दिला. वेठीची आणि सावकारी पिळवणुकीची त्यात नोंद आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले आणि त्यानंतर ठाणे जिल्ह्यातील वारल्यांचा लढा पेटला. ज्यांचे बोलणे अंगलट येत आले, त्यांचे न बोलणे हेही एक विधान असते. चांगला पाहणीकार ते ऐकतो, दुसऱ्या वेळी जातो, तिसऱ्या वेळी जातो. पौषात म्हशाच्या यात्रेत भेटतो, लावणीच्या दिवसांत बांधावर भेटतो. यंत्राला मात्र गप्प बसता येत नाही. विचारले की त्याला बोलावेच लागते.

हा केवळ अलंकार नव्हे. बोलणे लिहून काढणाऱ्या एका प्रचलित यंत्राची तपासणी करणारा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे एक टक्का ध्वनिमुद्रणांत यंत्राने मुळात कोणी न बोललेली वाक्ये घातल्याचे त्यात आढळले, आणि बोलताना ज्यांना जास्त थांबावे लागते त्यांच्या बाबतीत हे अधिक घडले. म्हणजे जिथे मौन होते तिथे यंत्राने मजकूर भरला. बोलीच्या बाबतीतही तीच गत संभवते. ठाकरी किंवा कातकरी बोलीतला शब्द ओळखीचा नसला की यंत्र तिथे रिकामी जागा सोडत नाही. उच्चाराने जवळचा असा प्रमाण मराठीतला शब्द बसवून पुढे जाते. वाचणाऱ्याला वाक्य नीटनेटके दिसते, आणि अर्थ पार बदललेला असतो. कागदावर खाडाखोड नसल्यामुळे शंकाही येत नाही.

मदतनीस, मुखत्यार नव्हे

मग या यंत्राला हद्दपार करावे काय? तसे म्हणणे अविचाराचे ठरेल. पाड्यावर जाण्यापूर्वी आपली प्रश्नावली त्याच्यापुढे ठेवून ‘यातील कोणते प्रश्न उत्तर सुचवणारे आहेत?’ असे विचारले तर ते उपयोगी सूचना करते. शासकीय परिपत्रकातील दुर्बोध मराठी सोपी करून देण्यात ते तरबेज आहे. शंभर मुलाखतींतील पाण्याविषयीचे सर्व उल्लेख एकत्र आणून देण्याचे काम ते एका दुपारी करते. माणसाला त्यासाठी पंधरवडा लागतो. वाचलेला तो पंधरवडा पाहणीकाराने पुन्हा पाड्यावर घालवला तर यंत्राचे उपकारच मानले पाहिजेत. तोच पंधरवडा पाहणीच्या खर्चातून कापला गेला, तर मात्र यंत्राने माणसाचा कान कापून त्याच्या हातात दिला असे म्हणावे लागेल.

म्हणून काही नियम आताच ठरवले पाहिजेत. यंत्राने रचलेले उत्तर पाहणीच्या अहवालात लोकांचे म्हणणे म्हणून छापता कामा नये. छापले तर ते यंत्राचे आहे हे ठळकपणे सांगावे. यंत्राने काढलेला सारांश मूळ बोलण्याशी माणसाने पडताळावा, आणि तो माणूस त्या भागातील बोली जाणणारा असावा. मुरबाड-शहापूरच्या महाविद्यालयांतून अशी मुले-मुली मिळतात. त्यांना या कामाचे योग्य वेतन द्यावे. ज्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करून परक्या कंपनीच्या यंत्रात घालायचे, त्याला ते त्याच्या भाषेत समजावून त्याची संमती घ्यावी. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचा आत्माही हाच आहे. आणि सरकारने ग्रामीण सेवांचे डिझाइन खाजगी संस्थांकडे सोपवताना, प्रत्यक्ष किती माणसांना, कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात भेटलात, याचा हिशेब कराराची अट म्हणून मागावा. महिन्याचा उल्लेख महत्त्वाचा आहे. फेब्रुवारीत केलेल्या पाहणीत वीटभट्टीवर गेलेला कातकरी कधीच सापडणार नाही.

ही मागणी आज करण्याचे कारण आहे. राज्य शासन स्वतःच संभाषण-यंत्रांच्या वाटेने निघाले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवरून देण्यासाठी मेटा कंपनीशी करार झाला, शेतकऱ्यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे ‘महाविस्तार’ही त्याच वर्षी आले. हेतू स्वागतार्ह आहे. दाखल्यासाठी तहसील कचेरीत दोनदा-तीनदा हेलपाटे घालणाऱ्याला तो दाखला घरी मिळाला तर कोणाला नको आहे? पण सेवा देणारे यंत्र, त्या सेवेची गरज सांगणारेही यंत्र, आणि ती गरज भागली की नाही याचा अभिप्राय देणारेही यंत्र, असे वर्तुळ पुरे झाले तर त्यात नागरिकाला शिरायला जागा कुठे राहिली?

शेवटी हा प्रश्न डिझाइनच्या कसबापुरता उरत नाही. ना. गो. चापेकर यांनी १९३३ मध्ये आपल्या बदलापूर गावावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. मुरबाडला लागूनच असलेल्या या गावातील घरे, धंदे, जमिनी आणि चालीरीती यांची त्यांनी जी बारकाईने नोंद केली, ती गावात राहून आणि गावाला विचारून केली. ज्याला विचारले जाते त्याला उलट विचारण्याचा अधिकार मिळतो: मी सांगितले होते, त्याचे काय झाले? शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तिथल्या ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने जो अधिकार दिला, त्याचे मूळ हेच आहे: विकासाच्या योजनेला आधी त्या सभेची मान्यता हवी. कृत्रिम वापरकर्ता असा जाब कधीच विचारणार नाही. योजना फसली तर त्याच्या घरात अंधार होत नाही, त्याचा हंडा रिकामा राहत नाही, आणि पुढच्या निवडणुकीत तो मतही देत नाही. म्हणूनच तो सोयीचा वाटतो. परंतु ज्याला आपल्याकडे जाब मागता येतो, त्यालाच विचारण्यात अर्थ असतो. आसनगावची लोकल रोज सुटते. तिथून पुढे पाड्यापर्यंत चालत जाण्याचे कष्ट घेतलेच पाहिजेत.